दोनवर

उल्का साठे घाबरली की थालीपीठं लावते. त्या रविवारी सकाळी शाल्मलीच्या लीड्समधल्या फ्लॅटवर तिने इतकी थालीपीठं लावली, की शेवटी शाल्मलीनेच येऊन शेगडी बंद केली.

"आई, इनफ. अख्खा टीम खाऊन पण उरेल. चल ना, किकऑफ होईल."

"होऊ दे," उल्का म्हणाली, पण डबा बांधायला घेतला.

आता ही बाई काही भित्री नाही. स्लाऊच्या बाजूला एका हॉस्पिटलात ती भूल देते. माणसाला झोपवायचं, सर्जन त्याच्या पोटात नाहीतर डोक्यात हात घालत असताना उशाशी बसून त्याचा श्वास राखायचा आणि काम झालं की त्याला परत उठवायचं. तिथे धडधडीत रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या तरी तिचा आवाज चढत नाही. पण पोटचा पोरगा हेल्मेट घालून मैदानावर उतरला, की ही पीठ मळायला घेते. मेडनहेडच्या घरून निघताना तिचा नवरा राजीव म्हणाला होता, "जाऊच नकोस ना मग. मी ऑन-कॉल आहे, नाहीतर मी गेलो असतो." जाऊ नकोस म्हणे! घरी बसून न बघता घाबरण्यापेक्षा तिथे जाऊन बघत घाबरलेलं परवडलं, असा तिचा हिशोब.

गंधार तिचा धाकटा. वय चोवीस, उंची दाराच्या चौकटीएवढी, आणि वजनाचं विचारू नका. लहानपणी जेवत नाही म्हणून हीच वरणभाताची वाटी घेऊन त्याच्यामागे घरभर फिरायची, आणि त्या वरणभाताचं काय झालं ते आता लीड्समधल्या एका हौशी क्लबाने ओळखलं होतं. नोकरीसाठी तिथे गेला आणि चार महिन्यांत अमेरिकन फुटबॉल खेळायला लागला. क्रिकेट नाही, साधा फुटबॉलही नाही. जिथे माणसं माणसांवर आदळतात, नेमका तोच खेळ.

ख्रिसमसला घरी आला तेव्हा तिने त्याला स्वयंपाकघरात धरलं होतं. "मला एकदा नीट सांग. समोरासमोर ते जाडे वाकून बसतात आणि मग ढकलाढकली करतात. तू त्यातला कोण, आणि समोरचे कोण? मला तर सगळे एकसारखेच दिसतात."

गंधार हसला. ओट्यावरचे कप त्याने एका ओळीत मांडले, समोर वाट्या मांडल्या आणि मध्ये एक बटाटा ठेवला. "हा बॉल. बॉलच्या लांबीइतकीच गॅप असते आमच्यात. दोघं सेम दिसतात, पण सेम नाहीये. माझ्या मागे क्वार्टरबॅक असतो, बॉल फेकणारा. वाटीला त्याला पाडायचं असतं, आणि मी कप. मला वाटीला थांबवायचं असतं."

"म्हणजे मार खायचा."

"नो, आई! वाटीला पकडता येतं. तो मला धरून ओढू शकतो, फेकू शकतो. मी धरला तर फाउल. मला फक्त मधे उभा राहायचं. आणि एक गोष्ट आमच्याकडे आहे ती त्यांच्याकडे नाही. काउंट." त्याने बटाट्यावर बोट ठेवलं. "क्वार्टरबॅक ओरडतो, सेट, हट, हट. बॉल कितव्या 'हट'ला निघणार ते आधी आम्हाला सांगतात. दोनवर म्हणाला तर पहिल्या हटला आम्ही दगड. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. दुसऱ्याला निघायचं. वाटीला हे माहीत नसतं, तो बॉल बघत बसतो. म्हणून आम्ही नेहमी त्याच्या आधी हलतो."

"आणि तुझं नाव कधी घेतात?"

"चूक झाली की." तो खांदे उडवून म्हणाला. "आमची ही कपांची ओळ म्हणजे ओ-लाइन. तू पण ओ-लाइनच आहेस ना, आई. पेशंट सर्जनला थँक यू म्हणतो."

हे तिला इतकं पटलं, की तेवढ्यापुरती ती भ्यायचंही विसरली.

शिवाय शपथेची एक भानगड होती, ती ख्रिसमसच्याही आधीची. गंधारच्या पहिल्याच मॅचला तो खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली गेला, आणि ढिगारा उठेपर्यंत या बाईने पर्स टाकून मैदानात धाव घेतली होती. पोरगा बुटाची नाडी बांधत बसला होता. दोन्ही टीम हसल्या. नंतर गाडीत तो तिच्याशी बोलेना. घरी पोचल्यावर एवढंच म्हणाला, "पांढऱ्या लाइनच्या आत पाय टाकायचा नाही. घे माझी शप्पथ."

हे हत्यार त्याला तिनेच दिलेलं. लहानपणी दूध ओतून दिलंस का, खरं सांग, माझ्या गळ्याची शप्पथ, असं म्हणून तिने त्याला किती वेळा बांधलं होतं. आता ते तिच्यावर उलटलं. शास्त्र शिकलेली बाई, दोन देशांच्या डिग्र्या भिंतीवर, पण मुलाच्या गळ्याची शपथ मोडायची तिची छाती नाही. तिने शपथ घेतली. सुटली म्हण, असं तेव्हापासून तीनदा विनवून झालं, पण गंधार काही सुटली म्हणेना.

मैदान गावाबाहेर होतं. मे महिना, पण यॉर्कशायरचा मे, त्यामुळे कोट आणि मफलर. पांढऱ्या रेषेला बुटाचं टोक टेकवून उल्का उभी राहिली. समोरचा संघ पिवळ्या कपड्यांत होता, आणि गंधारच्या अगदी नाकासमोर एक लाल दाढीवाला होता, पाठीवर अडुसष्ट नंबर. मानेचा पत्ता नाही. दर वेळी बॉल निघाला की तो गुरगुरत गंधारवर येऊन आदळायचा, आणि हाडांवर हाड आदळल्याचा तो आवाज उल्काला थेट आपल्या बरगड्यांत ऐकू यायचा.

"मेला राक्षस," ती पुटपुटली.

"आई! त्याची आई पण इथे असेल ना," शाल्मली म्हणाली.

"असेल तर तिने याला घरी ठेवायला हवा होता."

पण गंधार त्याला पुरून उरत होता. दर वेळी आधी हलायचा, दोन पावलं मागे सरकून भिंत व्हायचा आणि दाढीवाला त्या भिंतीवर येऊन थांबायचा. बाकी सगळे बॉलकडे बघत. उल्काला बॉल कुठे असतो ते मॅचभर कळलं नाही. तिचे डोळे गंधारच्या पाठीवरच्या चौऱ्याहत्तर नंबरवर.

म्हणूनच ते फक्त तिने पाहिलं. बॉल पार पलीकडे गेला होता, सगळे तिकडे ओरडत होते, आणि इकडे गंधार उताणा पडला. कुणातरी धावणाऱ्याचा गुडघा त्याच्या हेल्मेटला कानाच्या वर लागला. तो लगेच उठला. दाढीवाल्याने हात दिला तो धरूनच उठला, आणि आईच्या दिशेने अंगठा दाखवला.

"बघ, थम्स अप केला त्यानी," शाल्मली म्हणाली.

"डोक्याला लागलं त्याच्या."

"आई, प्लीज. परत नको. त्यानी तुला शप्पथ दिलाय."

उल्का आत गेली नाही. पण रेषेवरून चालत पॅरामेडिकपर्यंत गेली, आपण कोण ते सांगितलं. ती बाई भली होती. हाफटाइमला तिने गंधारला बाकावर बसवलं, डोळ्यांत टॉर्च मारला, स्कोअर विचारला, मागच्या आठवड्यात कुणाशी खेळलात ते विचारलं. त्याने सगळं बरोबर सांगितलं, वर एक विनोदही केला. "ही'ज फाइन, मम," पॅरामेडिक येऊन म्हणाली.

दुसरी कुणी आई असती तर तिथे तिचा जीव भांड्यात पडला असता. पण उल्काला जरा जास्तच ठाऊक होतं. कवटीच्या आत एखादी रक्तवाहिनी फुटली, तर माणूस काही वेळ अगदी शहाण्यासारखा वागतो. बोलतो, हसतो, उत्तरं देतो. आत रक्त साचत असतं आणि बाहेर काही दिसत नाही. असे पेशंट तिने धावत ऑपरेशन थिएटरात नेले होते. काही वेळेत पोचले, काही नाही. हसणारा गंधार बघून तिला जी भीती वाटली, ती पडलेला गंधार बघूनही वाटली नव्हती.

खेळ पुन्हा सुरू झाला. उल्काने त्याला डोळ्यांत धरून ठेवलं. चालतो नीट. वाकतो नीट. एक गोष्ट मात्र नवीन होती. गंधारच्या शेजारी डॅन नावाचा त्याचा मित्र खेळायचा, दोघं एकाच घरात भाड्याने राहत. वाकण्याआधी डॅन आता दर वेळी आपलं हेल्मेट गंधारच्या हेल्मेटला टेकवत होता. एकदा, परत एकदा, परत.

"किती स्वीट," शाल्मली म्हणाली.

उल्कालाही बरं वाटलं. पोराला परगावी जिवाभावाचं माणूस आहे, एवढंच तिच्या मनात आलं.

मग डॅनच्या पोटरीत गोळा आला आणि तो लंगडत बाहेर गेला. त्याच्या जागी दुसरा कुणी आला, तो आपला आपण वाकून बसला. क्वार्टरबॅक ओरडला. बॉल निघाला. दाढीवाला निघाला. आणि त्यानंतर गंधार हलला. दाढीवाला त्याला वळसा घालून मागे गेला आणि त्याने क्वार्टरबॅकला असा पाडला की आपल्या बाजूचे सगळे एकदम कळवळले. "सेव्हन्टी-फोर! वेक अप!" कोच किंचाळला. सगळ्या मॅचमध्ये पहिल्यांदा त्याचा कुणी उल्लेख केला होता.

उल्काच्या हातून मफलर गळून पडला.

वाटी बॉल बघते. कपाला बॉल बघावा लागत नाही, कपाला आकडा माहीत असतो. गंधार बॉल बघून निघाला होता. त्याला काउंट माहीतच नव्हता. आत्ता, दोन वाक्यांपूर्वी सांगितलेला आकडा त्याच्या डोक्यात राहत नव्हता. डॅन हेल्मेट टेकवून माया करत नव्हता, आकडा सांगत होता! मित्र गडबडलाय हे त्याला कळलं होतं आणि त्याने लाइनवाले करतात तेच केलं, शेजाऱ्याचं भोक आपल्या अंगाने झाकलं. अरे गाढवा, मला सांगायचंस ना. कुणालाही सांगायचंस!

"थांबवा!" ती ओरडली. "स्टॉप द गेम!"

वाऱ्यात कुणाला ऐकू गेलं नाही. पॅरामेडिक पलीकडे डॅनची पोटरी चोळत होती. गडी पुन्हा ओळीत येत होते. गंधार आपल्या जागी गेला, आणि वाकताना त्याने शेजारच्याकडे मान वळवली. तो कुणाला तरी शोधत होता. कुणी हेल्मेट टेकवलं नाही. तो वाकला.

समोर पांढरी रेषा. उल्काला खरोखर वाटलं की आपण पाय टाकला आणि तो मेला, तर तो आपल्या पायाने मेला. हे वेडगळ आहे हेही तिला त्याच क्षणी कळत होतं, आणि कळूनही पाय उचलत नव्हता. शाल्मलीने तिची बाही धरली होती. "आई, डोन्ट, तो परत बोलणार नाही तुझ्याशी."

"न बोलू दे!" उल्काने बाही सोडवली आणि रेष ओलांडली.

ती धावत होती तेव्हाच बॉल निघाला. दोन्हीकडची माणसं उसळली. गंधार हललाच नाही. गुडघे वाकवून, हात खाली टेकवून तसाच बसून राहिला. आता तो लाल दाढीवाला पूर्ण ताकदीने त्याच्या डोक्यावर जाणार, हे उल्काला दिसलं आणि तिने किंकाळी फोडली.

दाढीवाला गेला नाही. तो जागच्या जागी ताठ उभा राहिला. मग एक पाऊल पुढे टाकून त्याने दोन्ही हात गंधारच्या काखेत घातले, त्याला छातीशी धरलं आणि हळूहळू, मान न हलवता, गवतावर निजवलं. त्याचे भिडू बाजूने धावत गेले. त्याने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "रेफ!" तो ओरडत होता. "रेफ! ही'ज नॉट राइट!"

उल्का गुडघ्यांवर पडली ती गंधारच्या उशाशी. रोजची जागा. तिचे हात आपोआप त्याच्या हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना गेले. त्याच्या डोळ्यांतली एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली होती, म्हणजे आत रक्त साचत होतं.

"तसाच धर," ती दाढीवाल्याला इंग्रजीत म्हणाली. "खांदे धर. मानेखालचं काही हलता कामा नये. सोडू नकोस."

"नाही सोडत," तो म्हणाला. त्याच्या दाढीत चिखल होता आणि तो रडत होता.

गंधार उठायला बघत होता. खांदे वळवत होता, मान उचलत होता, आणि दोघांना मिळून तो आवरेना. "गंधार, राजा, हलू नको. ऐकतोस ना? आई आहे." ते त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. त्याचे डोळे तिच्यावर आले, पुन्हा गेले. मग तो जड जिभेने म्हणाला, "कितीवर?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. तो अजून लाइनवरच होता.

"दोनवर," उल्का म्हणाली. "दोनवर आहे. काउंट मी देणार. मी देईपर्यंत दगड. नाकावर माशी बसली तरी."

आणि गंधार थांबला. अख्खा थांबला, बोट न बोट. एवढ्या आज्ञाधारकपणे तर त्याने आयुष्यात कधी तिचं ऐकलं नव्हतं. अँब्युलन्स येईपर्यंत, फळीवर घेईपर्यंत, आत चढवेपर्यंत तो हलला नाही. मग त्याचे डोळे मिटले, आणि उल्का त्याचा श्वास मोजायला लागली.

हॉस्पिटलात पोचल्या पोचल्या त्याला थिएटरात नेलं. तिला दाराशी अडवलं, आणि तिने वाद घातला नाही, कारण अशा आयांना अडवायचं काम तिनेच आयुष्यभर केलं होतं. आत त्याच्या उशाशी कुणीतरी दुसरं बसलं असेल. नीट बसलंय ना, एवढंच तिला सारखं वाटत होतं. मेडनहेडहून राजीव गाडी हाणत निघाला होता. शाल्मली तिच्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती आणि दोघींच्या मध्ये तो थालीपिठांचा डबा, न उघडलेला.

संध्याकाळी दाढीवाला आला. कपडे तेच, पायांत नुसते चिखलाचे मोजे, बूट दाराशी काढून आला होता. नाव कॅलम. त्याची आई खरंच होती, तीच त्याला घेऊन आली होती.

"तुला कसं कळलं?" उल्काने विचारलं.

"दिवसभर तो माझ्या आधी हलत होता. वैतागलो होतो मी त्याला. मग एकदम मीच पहिला." त्याने नाक पुसलं. "असं होत नाही. मी त्याच्याइतका चांगला नाहीये. पुढच्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघितलं तर तो माझ्यातून आरपार बघत होता. बॉल गेला तरी वाट बघत होता. त्या लोकांना शिकवलेलंच असतं तसं, वाट बघायचं."

उल्काने त्याच्या हातात डबा दिला. दुसरं काय द्यायचं ते तिला सुचलं नाही.

ऑपरेशन झालं. रक्त काढलं. वेळेत आणलंत, सर्जन म्हणाली, पण उठल्यावरच खरं कळेल. ते वाक्य उल्का स्वतः दुसऱ्यांना सांगत आली होती. ऐकायला ते इतकं वाईट असतं हे तिला माहीत नव्हतं.

सकाळी औषध कमी करत आणलं. राजीव पलंगाच्या पायाशी, उल्का उशाशी. गंधारने डोळे उघडले आणि छताकडे लावले. "गंधार, हात दाब माझा," नर्स म्हणाली. काही नाही. "पाय हलव." काही नाही. "गंधार, आईकडे बघ." डोळे छतावर. नर्सने पुन्हा विचारलं, मग सर्जन आली, तिने विचारलं. पलंगावरचं ते एवढं थोरलं शरीर जसंच्या तसं. सर्जनने नर्सकडे पाहिलं, आणि ते पाहणं उल्काने पाहिलं. तशी नजर तिने आपल्या थिएटरात किती जणांना दिली होती. राजीवने पलंगाची दांडी धरली. उल्काच्या कानांत नुसता घोंघाट सुरू झाला. हा आता असाच. वरणभात भरवून वाढवलेलं पोर, आणि हे असंच.

तो वाट बघत होता.

आपण त्याला दगड हो म्हणालो. मी देईपर्यंत, म्हणालो. आणि काउंट दिलाच नाही!

तिने त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि वाकून त्याच्या कपाळाला कपाळ टेकवलं. नर्स काहीतरी म्हणाली. उल्काने ऐकलं नाही.

"सेट," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला. तिने परत म्हटलं, "सेट."

"उल्का, काय करतेस?" राजीव म्हणाला.

"हट."

हात तसाच. बोट न बोट तसंच. मॉनिटर टिकटिकत होता. उल्काला माहीत होतं की असंच असायला हवं, पहिल्याला दगड, पण मेलेला हातही असाच असतो. पुढचा शब्द तोंडातून काढायची तिची हिंमत होईना. तो काढला आणि काही झालं नाही, तर मग काहीच उरणार नव्हतं.

"हट," ती म्हणाली.

बोटं मिटली. इतकी घट्ट मिटली, की तिची अंगठी रुतली. मग मान वळली, डोळे वळले, आणि तिच्यावर येऊन थांबले. कोरडे ओठ बराच वेळ खटपट करत राहिले.

"आई," तो म्हणाला. "तू लाइनच्या आत आला."

"आले," उल्का रडत म्हणाली. "शप्पथ मोडून आले. आता तरी सुटली म्हण."

"सुटली," गंधार म्हणाला, पण हात सोडला नाही.